जखीण, जाखाई आणि ओनी

भूतयोनींची यादी करणारे जखीण हिला हडळ व लावसट यांच्या पंक्तीस बसवितात. ग्रामदैवतांची यादी करणारे जाखाई, जाखमाता यांना जोगाईशेजारी स्थान देतात. या याद्या बहुधा निरनिराळ्या ग्रंथांत असल्याने ही नावे एकाच कुळातील आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही.

संस्कृत ‘यक्ष’ याचे प्राकृतात ‘जक्ख’ झाले. मराठीत द्वित्व जाऊन मागचा स्वर दीर्घ झाला व ‘जाख’ हे रूप सिद्ध झाले. त्यास ‘आई’ जोडून जाखाई. ‘यक्षिणी’पासून ‘जक्खिणी’ व पुढे ‘जखीण’. येथे पुढील अक्षर दीर्घ असल्यामुळे आद्य स्वर ऱ्हस्वच राहिला. ध्वनीच्या दृष्टीने यात नवल काही नाही. नवल आहे ते अर्थाचे. जाखाईस ठाणे आहे, नैवेद्य आहे; जखीण म्हणजे कोकणात बहुधा सवाष्णपणी मेलेल्या स्त्रीचे पिशाच. यक्षकुळातील जिला ठाणे लाभले ती आई झाली, जिला लाभले नाही ती झाडाझुडपांतून भटकत राहिली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. (खविसाची गोष्ट निराळी, तो शब्द अरबी ‘खबीस’ म्हणजे दुष्ट यावरून आला, व येतानाच बदनाम होऊन आला.)

मुळशी तालुक्यातील जांबे, हिंजवडी या पट्ट्याच्या लगत वाकडचा म्हातोबा आहे, व पुणे परिसरात शिवेवरचा शेंदरी म्हसोबा सर्वांच्या परिचयाचा आहे. दा. ध. कोसंबी यांनी 1962 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात म्हसोबा म्हणजे महिषासुर असे प्रतिपादिले. एके ठिकाणी देवी त्याचा वध करते, तर दुसरीकडे त्याच्याशी तिचे लग्न लागते, याकडेही लक्ष वेधले. हा विचार मोलाचा आहे. तथापि नावाकडे पाहिल्यास त्यात ‘महिष’ आहे, ‘बा’ आहे. असुर कोठेच नाही. त्याला असुर म्हणणारी पोथी आहे, त्याच्यापुढे कोंबडे कापणारा शेतकरी नव्हे. तेव्हा शब्दाच्या आधारे ‘पदच्युत दैत्य’ असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. मुळात तो दैत्य होता हेच प्रथम सिद्ध करावे लागेल.

यक्षांचा दुसरा प्रवास बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात झाला. तेथे यक्षाचा ‘याशा’ व राक्षसाचा ‘रासेत्सु’ झाला. याशा कधी भीषण पिशाच असतो, तर भैषज्यगुरू बुद्धाच्या बारा सेनापतींच्या रूपाने रक्षकही असतो. जाखाई व जखीण यांनी दोन शब्दांत वाटून घेतलेले काम जपानीत एकाच शब्दास करावे लागते.

देशी शब्द ‘ओनी’ हा त्याहून गूढ. दहाव्या शतकातील ‘वाम्योशो’ या कोशात तो ‘ओन्’ म्हणजे लपलेले यावरून दिला आहे. ही व्युत्पत्ती आज सर्वमान्य नाही. पण डोळ्यांना न दिसणारे ते ओनी, ही तत्कालीन समजूत तीवरून कळते. शिंगे व वाघाचे कातडे हा त्याचा वेष पुढचा. ईशान्य ही अशुभ दिशा, व कालगणनेत ती बैल आणि वाघ यांच्यामधली, म्हणून हा वेष, असे सामान्यतः सांगतात. त्या शिंगांचा आमच्या म्हसोबाच्या रेड्याशी संबंध जोडण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

खरा दुवा अन्यत्र आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात उजवीकडील उपगर्भगृहात हारीती व पांचिक बसले आहेत. हारीती ही बालकांना खाणारी यक्षिणी. बुद्धाने तिचेच मूल लपविले, तेव्हा ती शहाणी होऊन मुलांची रक्षणकर्ती झाली. जपानात ती ‘किशिमोजिन’ म्हणून पूजिली जाते. या नावाच्या आरंभीचे चित्राक्षर तेच, जे एरवी ‘ओनी’ असे वाचतात. तोक्योतील झोशिगाया येथील मंदिरात मात्र हे अक्षर लिहिताना वरचा छोटा फटकारा गाळतात. तो फटकारा म्हणजे शिंग, आणि आता ती ओनी राहिलेली नाही, असे भक्त मानतात. आपल्या लिपीत अशी सोय नसल्यामुळे मराठीने यक्षिणीच्या शेवटी ‘आई’ जोडली.