सूज की बाळसे?

सुजेला बाळसे समजू नये, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत. समुद्रकाठच्या एका इवल्याशा गोगलगायीनेही शास्त्रज्ञांना हाच धडा दिला.

१९३० च्या दशकातली गोष्ट. इंग्लंडमधील प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत मिरियम रॉथशिल्ड काम करीत होत्या. बँकांचा व्यवसाय असलेल्या धनाढ्य घराण्यात १९०८ साली जन्मलेल्या या बाईंचे शिक्षण घरीच झालेले. खाडीच्या चिखलात राहणाऱ्या, जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या गोगलगायी त्या तपासत. त्यांतल्या काही इतरांपेक्षा चांगल्याच मोठ्या असत. शंख उघडून पाहावा, तर आत पानासारख्या चपट्या कृमींच्या अळ्या खच्चून भरलेल्या! १९३६ साली रॉथशिल्ड यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले.

घडते ते असे. पक्ष्यांच्या विष्ठेतून कृमीची अंडी चिखलात येतात आणि तिथून अळ्यांचा गोगलगायीत शिरकाव होतो. त्या तिच्या जननग्रंथी निकामी करतात. तिचे अंडी घालणे थांबते. पण ती मरत नाही, खात राहते. एरवी अंड्यांसाठी खर्च होणारे अन्न मग कृमींच्या वाट्याला जाते आणि उरलेल्यावर तिचे अंग वाढते. घर तिचे, कष्ट तिचे, संतती मात्र परक्याची.

पुढच्या संशोधकांना सगळीकडे हेच दिसले नाही. दीर्घायुषी जातींत कधी कधी उलट वाढ खुंटते. वांझपण मात्र बहुतेक ठिकाणी ठरलेलेच. रॉथशिल्ड यांचे प्लिमथमधील अनेक वर्षांचे काम दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले. तरी त्या खचल्या नाहीत. पुढे पिसवांच्या अभ्यासक म्हणून त्यांनी नाव मिळवले. २००५ साली त्यांचे निधन झाले.

हा विषय आपल्यापासूनही दूरचा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात लोकांच्या लघवीतून रक्त जात असे. अशाच गटातला एक कृमी त्यामागे असल्याचे १९५२ साली प्रसिद्ध झाले. त्याच्याही अळ्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत वाढतात, पाण्यात बाहेर पडतात आणि माणसाच्या कातडीतून आत शिरतात. म्हणून अशा आजारात रोग्याला औषध देऊन भागत नाही. ओढ्यातली गोगलगायही तपासावी लागते. आणि ती धडधाकट दिसली, तरी तेवढ्यावर विश्वास ठेवून चालत नाही.