खोपटच्या पाटीवरचं शेजवान

खोपटच्या एसटी स्टँडच्या आसपास संध्याकाळी चायनीजच्या गाड्या लागतात. त्यांच्या पाट्यांवर रोमन लिपीतलं शेजवान दोन ठिकाणी सारखं सापडणं कठीण. मंच्युरियनमधला एखादा स्वर गळतो, नूडल्सला जास्तीचं अक्षर चिकटतं. अशा पाट्यांचे फोटो काढून हसणं सर्रास चालतं. त्या हसण्यात कोणाचा अपमान होतो का, हे ठाण्यात ठरवायचं तर आधी ठाण्याचा इतिहास पाहायला हवा. परक्या पदार्थाचं नाव कानाने उचलून आपल्या जिभेला बेतून घेणं इथे काही शतकं चालत आलं आहे.

सोळाव्या शतकापासून 1737 मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत ठाणं पोर्तुगीजांकडे होतं. पाव आणि कोबी हे त्यांचे शब्द आपण आपल्या उच्चाराने घडवले. बटाटा, काजू, अननस हेही त्यांच्याच गलबतांतून उतरले, पण ते मुळात पोर्तुगीजांचेही नव्हते. अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांकडून ऐकून त्यांनी ते उचलले होते. पुढे इंग्रज आले. त्यांनी खिचडीचं केजरी केलं, तमिळ मिळगु तण्णीरचं मलिगटॉनी केलं आणि ठाण्याचं स्पेलिंग टॅना असं लिहिलं. अशा शब्दांचा यूल आणि बर्नेल यांनी 1886 मध्ये ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा जाडजूड कोश काढला आणि तो आजही आदराने चाळला जातो. साहेबाने चुकीचं ऐकलं तर त्याचा कोश होतो आणि गाडीवाल्याने चुकीचं लिहिलं तर त्याची टवाळी होते, हा फरक भाषेतून आलेला नाही. तो इंग्रजी शाळेत गेलेल्या आणि न गेलेल्यांमधला फरक आहे, आणि मला तो बोचतो.

शेजवानचंच उदाहरण घ्या. हे चीनमधल्या एका प्रांताचं नाव. त्याचं टपालखात्याने रूढ केलेलं जुनं रोमन रूप वेगळं, आजचं सिचुआन वेगळं. भारतात तिसरंच रूप तयार झालं, त्यातला झेड मूळ जागेवरून पुढे सरकला, आणि आज तेच रूप मोठ्या कंपन्यांच्या चटणीच्या बाटल्यांवर छापलं जातं. बाटलीवर ते कोणाला खटकत नाही. पदार्थाचीही गत तीच आहे. चिकन मंच्युरियन 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वाँग यांनी जुळवलं, असं सांगितलं जातं. मंच्युरियात ते शोधून सापडणार नाही. जो पदार्थच इथे जन्मला, त्याच्या नावाचं शुद्ध परदेशी रूप गाडीवाल्याकडून मागायचं कशाच्या आधारावर?

यावर कोणी म्हणेल, चूक ती चूकच, गिऱ्हाइकाला वाचता तर आलं पाहिजे. पदार्थात अंडं आहे की नाही, कोलंबी आहे की नाही, हे अचूकच लिहायला हवं, यात दुमत नाही. पण खोपटला उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला शेजवान राइस कळत नाही, असं होत नाही. शिवाय हाच शब्द देवनागरीत लिहिला की चूक उरतच नाही, कारण तिथे उच्चार तसं अक्षर. म्हणजे गाडीवाल्याला शब्द पक्का येतो. अडतं ते फक्त रोमन स्पेलिंगवर. अक्षर बदलून भलताच अर्थ निघाला तर हसू येणारच, आणि ते दाबायचं कारण नाही. ते माणसाच्या शिक्षणावर घसरलं की मात्र प्रकरण वेगळं होतं.

उरला प्रश्न चिनी लोकांच्या भावनांचा. पाटीवरच्या चुकीने त्यांचा अवमान होतो, असं मला वाटत नाही. गाडीवाला त्या नावावर पोट भरतो, त्याची खिल्ली उडवत नाही. खरी असंवेदनशीलता चिनी चेहऱ्याच्या माणसासमोर त्याच्या उच्चारांची नक्कल करण्यात आहे. 1962 च्या भारत-चीन युद्धानंतर भारतात राहणाऱ्या सुमारे 3000 चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबलं गेलं. त्यांतल्या अनेकांचा जन्म याच देशात झाला होता. ती नक्कल ज्याच्या कानावर पडते, त्याच्या घरात ही आठवण असू शकते.