शांत झालं म्हणजे बरं झालं का? बाळाच्या खोकल्याची पावणेदोनशे वर्षं

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरात नुकतं बाळ आलंय. आणि त्यांच्यासाठीही, ज्यांच्या मित्रांच्या ग्रुपवर रात्री दोन वाजता मेसेज येतो : "बाळ खूप खोकतंय रे, कुठलं सिरप देऊ?" या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. तो माहीत असेल तर उत्तर देताना आपण दोनदा विचार करू.

सुरुवात करू १८४९ पासून. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं बँगोर हे गाव. तिथे 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' नावाचं औषध विकायला आलं. दात येताना रडणारं, रात्रभर न झोपणारं बाळ एका चमच्यात गप्प! जाहिरातींत हसरी आई आणि गुटगुटीत बाळ असायचं. बाटलीत काय असायचं? मॉर्फीन. एका औंसात साधारण ६५ मिलिग्रॅम. मॉर्फीन म्हणजे अफूचाच अर्क. बाळं झोपायची हे खरं, पण काही परत उठलीच नाहीत. कारण अफू नुसती झोप आणत नाही, ती श्वासही मंदावते.

१९०६ मध्ये अमेरिकेत कायदा झाला. बंदी नाही बरं का, फक्त मॉर्फीन आहे असं लेबलवर छापायचं. १९११ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, हे सिरप 'बेबी किलर्स' म्हणजे बाळांचा जीव घेणारी औषधं या सदरात टाकलं. तरीही ते पुढे बरीच वर्षं विकलं जात होतं.

मधल्या काळात, १८९८ मध्ये, जर्मनीच्या बायर कंपनीने खोकल्यावर एक नवं औषध आणलं. त्याचं नाव हेरॉइन. हो, तेच हेरॉइन! हे त्यांचं ब्रँडनेम होतं. मॉर्फीनची सवय लागते, याची लागणार नाही, अशी तेव्हा समजूत होती. १९१३ च्या सुमारास कंपनीने उत्पादन थांबवलं.

आता वाटेल, हे सगळं तिकडचं. तर चला मुंबईत. १९२० च्या दशकाची सुरुवात. गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांची पाहणी करायला मुंबई सरकारने डॉ. फ्लोरेन्स बार्न्स यांना नेमलं. चाळींमध्ये तान्ह्या बाळांना अफूची गोळी देणं सर्रास चालू असल्याचं समोर आलं. लोक तिला 'बाळगोळी' म्हणायचे. आई दिवसभर गिरणीत, बाळ खोलीत, सांभाळायला धड कोणी नाही. मग बाळ झोपून राहिलेलं बरं. त्या आईला दोष देणं सोपं आहे. पण तिच्याकडे ना रजा होती, ना पाळणाघर. गोळी बाळासाठी नव्हतीच, ती शिफ्टसाठी होती.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बँगोरचं सिरप असो की परळची बाळगोळी, दोन्हींत मोठ्यांची गरज भागत होती. शांतता मिळत होती आणि तिलाच 'बाळ बरं झालं' असं म्हटलं जात होतं.

पुढे अफू गेली, पण चमचा आणि गोड चव राहिली. त्यातून दुसरं संकट आलं. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फा औषध मुलांना घेता यावं म्हणून पातळ केलं गेलं. रासबेरीची चव, लाल रंग. औषध विरघळवायला वापरलं डायएथिलिन ग्लायकॉल. हे रसायन गोडसर, घट्टसर आणि मूत्रपिंड निकामी करणारं. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात बरीच मुलं होती. विकण्याआधी औषध सुरक्षित आहे का हे तपासायची कायद्याने सक्तीच नव्हती! ती आली १९३८ च्या कायद्याने.

मग प्रश्न सुटला का? नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच रसायन निघालं. १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी करून औषध खरेदी आणि तपासणीतली सडकी व्यवस्था उघडी पाडली. २०२२ मध्ये गांबियात ६० हून जास्त मुलं गेली आणि जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार सिरपांबद्दल इशारा दिला. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपामुळे वीसहून जास्त लहान मुलं गेली. त्यांतल्या अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. तपासणीत त्या सिरपात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल सापडलं. मर्यादा आहे ०.१ टक्का. ही मुलं साध्या सर्दी-खोकल्यासाठी औषध घेत होती. हे वाक्य परत एकदा वाचा.

आता मुळात विचारूया, खोकला असतो कशाला? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. सर्व्हरवर लोड आला की अलर्ट वाजतो. अलर्ट म्यूट केला की रात्री झोप छान लागते, सर्व्हर मात्र तसाच राहतो. खोकला हा बाळाचा अलर्ट आहे आणि सफाई कामगारही आहे. श्वासनलिकेत गेलेला कफ, दूध, कण तो बाहेर काढतो. साधी सर्दी विषाणूमुळे होते आणि बहुतेक वेळा आपोआप जाते. म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं : दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची सिरपं देऊ नका आणि साधारणपणे पाच वर्षांखाली ती सुचवलेलीच नाहीत.

मग करायचं काय? अंगावर पाजत राहा, थोडं थोडं, जास्त वेळा. नाक चोंदलं असेल तर डॉक्टरांना विचारून मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब. जागं असताना उभं धरा. घरात विडी-सिगारेट आणि धूर नको. आणि मध? २००७ मध्ये अमेरिकेत १०५ मुलांवर एक अभ्यास झाला. रात्रीच्या खोकल्यावर मधाचा निकाल चांगला आला. पण ती सगळी मुलं दोन वर्षांवरची होती. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही. १९७६ मध्ये तान्ह्या बाळांचा बोट्युलिझम हा आजार ओळखला गेला आणि लवकरच मधाशी त्याचा संबंध लागला. त्यामुळे बारशाला अंगठीने मध चाटवायची हौस राहू द्या. आजीला प्रेमाने सांगा, अंगठी घालूया, मध नको.

दवाखाना केव्हा गाठायचा? बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष ५० आणि एक ते पाच वर्षं ४०. आकडा याच्याइतका किंवा वर गेला, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या गेल्या, ओठ निळसर पडले, बाळ प्यायचं थांबलं किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला, तर लगेच निघा.

आणि आता खाण्याकडे वळू, कारण तिथेही आपण हाच अलर्ट ऐकून घाबरतो. उष्टावण झालं, सहा महिने झाले, बाळाच्या हातात मऊ गाजर दिलं. बाळाने घास पुढे नेला, ओकारी आल्यासारखं केलं, खोकलं. झालं! घरात आरडाओरडा आणि परत मिक्सरमधून काढलेली पेज. पण ही उबळ म्हणजे घशाचा राखणदार. न्यूझीलंडमधला २०१६ चा एक अभ्यास बघा. सुरक्षित पदार्थ कोणते हे शिकवलेल्या पालकांची हाताने खाणारी बाळं चमच्याने खाणाऱ्या बाळांपेक्षा जास्त गुदमरली नाहीत. अशी उबळ त्यांना सहाव्या महिन्यात जास्त वेळा आली, आठव्या महिन्यात कमी.

त्याआधी, १९२६ पासून, डॉ. क्लारा डेव्हिस यांनी नुकतंच अंगावरचं दूध तोडलेल्या १५ बाळांवर एक प्रयोग केला. एकूण ३४ साधे पदार्थ ठरवले, साखर नाही, डबाबंद काही नाही. दर जेवणाला त्यांतले काही पुढे मांडायचे. नर्सने सुचवायचं नाही, आग्रह करायचा नाही. बाळ हाताने खाऊ शकत होतं. प्रत्येकाने वेगळंच निवडलं, पण सगळी चांगली वाढली. डेव्हिस यांनी १९३९ मध्ये स्वतःच सांगितलं की खरी मेख पदार्थांच्या यादीत आहे. म्हणजे काय मांडायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते बाळाने.

आपल्या यादीत शिजवलेलं रताळं, लाल भोपळा, पिकलेलं केळं, मऊ इडलीचे लांबट तुकडे. बोटाने दाबल्यावर चुरडले पाहिजेत. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न नको. बाळ बसलेलं हवं आणि मोठं माणूस समोर. एक फरक पाठ करा : उबळीत आवाज येतो. खरं गुदमरलं की आवाज बंद होतो. घाबरायचं ते त्या शांततेला.

पुढच्या वेळी ग्रुपवर तो मेसेज आला तर सिरपचं नाव टाकण्याआधी विचारा : बाळाचा श्वास मोजला का?

भेटूया पुढच्या भागात.