मोनोक्लोनल प्रतिपिंडे

मोनोक्लोनल प्रतिपिंडे ही एकाच बी-पेशीच्या वंशातील पेशींनी निर्माण केलेली, रचनेने एकसारखी असणारी प्रतिपिंडे होत. जंतुसंसर्ग झाल्यावर शरीरातील अनेक बी-पेशी वेगवेगळी प्रतिपिंडे तयार करतात व त्यांचे मिश्रण रक्तात आढळते. मोनोक्लोनल प्रतिपिंडे मात्र प्रतिजनाच्या एकाच ठरावीक भागाला चिकटतात. या नेमकेपणामुळे ती रोगनिदानात आणि उपचारांत वापरली जातात.

निर्मिती

जॉर्ज कोलर व सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ साली केंब्रिज येथे हायब्रिडोमा तंत्र प्रसिद्ध केले. त्यासाठी दोघांना नील्स येर्ने यांच्यासह १९८४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीत उंदराला प्रतिजन टोचतात व नंतर त्याच्या प्लीहेतील बी-पेशींचा मायलोमा या कर्करोगाच्या पेशींशी संयोग घडवतात. बी-पेशी प्रयोगशाळेत फार काळ जगत नाहीत. मायलोमा पेशी अखंड विभाजित होतात. संकरित पेशीत दोन्ही गुण एकत्र येतात. अमिनोप्टेरिनयुक्त माध्यमात संयोग न झालेल्या मायलोमा पेशी मरतात. उरलेल्या संकरित पेशी सुट्या करून तपासतात आणि हवे ते प्रतिपिंड देणारी पेशी निवडून वाढवतात.

मानवीकरण

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर वापरले जाणारे मुरोमोनॅब-सीडी३ हे मान्यता मिळालेले पहिले मोनोक्लोनल औषध (१९८६) उंदराच्या प्रथिनाचे होते. अशा प्रथिनाला रुग्णाचे शरीर परके समजते व त्याविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते. परिणामी औषध निष्प्रभ ठरते किंवा तीव्र प्रतिक्रिया उद्भवते. म्हणून जनुक अभियांत्रिकीने उंदराचा अंश कमी करण्यात आला. रिटुक्सिमॅब (१९९७) हे अंशतः मानवी, ट्रास्टुझुमॅब (१९९८) बहुतांशी मानवी, तर अडालिमुमॅब (२००२) पूर्णतः मानवी रचनेचे आहे. आज बहुतेक औषधी प्रतिपिंडांचे उत्पादन सस्तन प्राण्यांच्या, विशेषतः चिनी हॅम्स्टरच्या, पेशींत होते.

उपयोग

* कर्करोग: रिटुक्सिमॅब बी-पेशींवरील सीडी२० प्रथिनाला, तर ट्रास्टुझुमॅब काही स्तनकर्करोगांतील हर२ प्रथिनाला चिकटते.
* स्वयंप्रतिकार विकार: अडालिमुमॅब दाह वाढवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला निष्क्रिय करते. ते संधिवाताभ आमवातात देतात.
* रेबीज: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाने अमेरिकेतील मासबायोलॉजिक्सच्या सहकार्याने विकसित केलेले प्रतिपिंड चाव्यानंतर लसीसोबत जखमेत व तिच्याभोवती टोचतात.
* निदान: घरगुती गर्भधारणा चाचणी, रक्तगट तपासणी.

मर्यादा

ताप, पुरळ व अधिहर्षता हे दुष्परिणाम संभवतात. टीएनएफरोधक औषधांमुळे शरीरातील सुप्त क्षयरोग पुन्हा सक्रिय होऊ शकतो. त्यामुळे उपचारापूर्वी क्षयरोगाची तपासणी करतात. जिवंत पेशींपासून उत्पादन करावे लागत असल्याने ही औषधे महाग असतात. मूळ औषधाचे एकाधिकार संपल्यावर येणाऱ्या जैवसदृश औषधांमुळे किंमत काही प्रमाणात घटते.