मनसुबा, दिलाराम आणि दोन हत्तींचा बळी

'मनसुबा' हा शब्द आपण कधी उलटून पाहत नाही. त्यात 'मन' दिसते, म्हणून तो घरचाच वाटतो. प्रत्यक्षात तो फारसीच्या वाटेने आलेला अरबी शब्द आहे आणि बुद्धिबळाच्या जगात त्याला एक नेमका अर्थ होता: मुद्दाम मांडून ठेवलेली स्थिती, म्हणजे आज आपण ज्याला बुद्धिबळाचे कोडे म्हणतो ते. नवव्या-दहाव्या शतकात बगदादमध्ये अल-अदली, अस-सूली यांच्यासारखे नामांकित खेळाडू असे मनसुबे जमवून त्यांचे ग्रंथ करत. आपल्यापर्यंत येता येता पट गळून पडला आणि बेत तेवढा उरला.

या मनसुब्यांमध्ये सर्वांत गाजलेला आहे दिलारामचा. एक उमराव (कथेच्या काही रूपांत राजपुत्र) पैज लावून खेळत सगळे हरत जातो आणि शेवटच्या डावावर आपली बायको दिलाराम हिलाच लावतो. द्यूताचा हा भाग आपल्याला नवा नाही. पुढे मात्र गोष्ट वेगळी वळते. डाव हरल्यात जमा असतो. पुढच्याच चालीत प्रतिस्पर्धी मात करणार असतो. तेवढ्यात बाजूला बसलेली दिलाराम नवऱ्याला सुचवते की दोन्ही हत्ती देऊन टाका, पण मला देऊ नका.

मांडणीचे तपशील हस्तलिखितांत थोडे बदलतात, पण गाभा एकच. काळा राजा कोपऱ्यालगतच्या घरात आहे. पांढरा आपला एक हत्ती थेट त्या कोपऱ्यात नेऊन शह देतो. पळायला घर नाही, म्हणून राजाला हत्ती मारावाच लागतो, आणि मारताच तो स्वतः कोपऱ्यात जातो. त्याच उभ्या ओळीत खाली पांढऱ्याचा दुसरा हत्ती आणि त्याच्यापुढे उंट आहे. उंट बाजूला उडी मारतो, मागच्या हत्तीचा शह उघडा पडतो. काळा मध्ये आपला हत्ती घालून पाहतो, तोही मारला जातो. राजा परत शेजारच्या घरात. दुसरा हत्तीही त्याच कोपऱ्यात, त्यालाही राजाने मारणे भाग. आता पांढऱ्याकडे हल्ल्याला एक घोडा, तो उंट आणि दोन प्यादी एवढेच सैन्य आहे. प्यादे एक घर पुढे सरकून शह देते, राजा बाजूला होतो, घोडा येतो आणि मात होते.

या कोड्याची खरी गंमत त्या उंटात आहे. हत्तीची वाट मोकळी करायला तो बाजूला झाला एवढेच आपल्याला दिसते. पण तो उतरला अशा घरात, की शेवटी राजाला पळायला उरलेले एकमेव घर त्याच्या टप्प्यात येते. त्या काळचा हा मोहरा तिरपा दोन घरे जाई आणि मधल्या मोहऱ्यावरून उडी मारी. अरबीत त्याचे नाव 'फील', म्हणजे हत्ती! आपला हत्ती तो त्यांचा 'रुख'. आजच्या नियमांनी ही मांडणी लावली तर उंटाच्या वाटेत आपलाच घोडा येतो आणि दिलाराम हरते. त्यामुळे घरी पट मांडून बघणार असाल, तर आधी जुना नियम मान्य करा.

बळी देऊन केलेल्या मातीला आपण धाडस म्हणतो. मला तो शब्द पटत नाही. वरच्या डावात काळ्याला निवड अशी जवळजवळ नाहीच: मारा, सरका, मारा, सरका. पांढरा देतो आहे ते मोहरे, आणि त्या बदल्यात समोरच्याचे पर्याय काढून घेतो आहे. पर्याय संपले की पटावर कोणाकडे किती सैन्य आहे, हा हिशेब निरर्थक होतो. आपल्या गणिताच्या सरांच्या भाषेत, बाकीच्या सगळ्या शक्यता बाद केल्या की उरते ते उत्तर.

आता दिलारामबद्दल. आपल्या शाळेत मधल्या सुट्टीत पट मांडला जायचा, तेव्हा एक अलिखित नियम होता की बघणाऱ्याने बोलायचे नाही. खेळणारे बहुतेक वेळा मुलगे आणि भोवती उभ्या बघणाऱ्यांत आम्ही मुली. मैत्रिणींना आठवत असेल. दिलारामने मोडला तो हाच नियम. हजार वर्षांच्या या कथेत सर्वांत चांगली चाल जिला दिसते, ती पटासमोर बसलेलीच नाही. ती पणाला लागलेली आहे.

पटासमोर बसायला पुढे किती भांडावे लागले, त्याचा एक अध्याय मुंबईत घडला. नवाकाळच्या खाडिलकर घरातल्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींपैकी वासंतीने १९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा जिंकली. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. त्यावर गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावे लागले की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली. आम्ही ते नाव सामान्यज्ञानाच्या वहीत लिहिले, त्यामागचा वाद मला फार उशिरा कळला. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा माझ्या लेकीला हे सगळे सांगितले. तिला त्यात वाद काय होता तेच समजेना.

परत कोड्यांकडे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजीर बदलला. पूर्वी एकच घर तिरपा सरकणारा हा दुबळा मोहरा एकदम पटावरचा सर्वांत बलाढ्य झाला. साहजिकच बळी द्यायलाही तोच सर्वांत मोलाचा ठरला. १४९७ मध्ये स्पेनमधल्या सालामांका येथे लुसेना याचे पुस्तक छापले गेले. त्यात दीडशे कोडी आहेत, काही जुन्या नियमांची, काही नव्या. नव्यांपैकी एक आजही प्रत्येक शिकाऊ खेळाडूला दाखवतात: वजीर राजाच्या शेजारी जाऊन उभा राहतो, शेजारचा हत्ती त्याला मारायला येतो आणि त्याच हत्तीने राजाची शेवटची वाट बंद होते. मग एकटा घोडा मात देतो. राजा आपल्याच माणसांच्या गर्दीत कोंडून मरतो. (कार्यालयात काम केलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल.)

मुंबईत १८१४ साली तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मूळ संस्कृत, इंग्रजीत भाषांतर केलेले, युरोपीय खेळपद्धतीला जुळवून घेतलेले आणि मुख्यतः अशाच मांडलेल्या स्थितींचे. पेशवाई अजून चार वर्षे टिकायची होती.

आपल्या सरांना ज्याचा हेवा वाटेल असा माणूस म्हणजे अडॉल्फ अँडरसन. ब्रेस्लाऊ इथल्या शाळेत गणित शिकवणारा हा मास्तर. नाव झाले ते आधी कोडी रचण्यासाठी. १८४२ मध्ये त्याने साठ कोड्यांचा संग्रह काढला. १८५१ मध्ये लंडनला महाप्रदर्शनाच्या निमित्ताने पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, तिला तो गेला आणि जिंकून आला. पण लोक लक्षात ठेवतात तो त्याच दिवसांत किझेरित्स्कीशी सहज म्हणून खेळलेला डाव. त्यात त्याने एक उंट दिला, दोन्ही हत्ती दिले, शेवटी वजीर दिला आणि उरलेल्या उंटाने व दोन घोड्यांनी तेविसाव्या चालीला मात केली. हा 'अमर डाव'. हरलेल्या किझेरित्स्कीने तो स्वतःच्या मासिकात छापला, याचे मला जास्त कौतुक वाटते.

पुढच्या विश्लेषकांनी दाखवून दिले की अठराव्या चालीला काळा जास्त चांगला बचाव करू शकला असता. म्हणजे कोडे म्हणून तपासले तर अमर डावाला भोक आहे. डावाला असे भोक चालते. समोर माणूस आहे, तो दमतो, घाबरतो, हावरटपणे हत्ती खातो. मनसुब्याला चालत नाही. त्यात समोरच्याच्या चुकीवर अवलंबून राहायचे नसते.

या काटेकोरपणामुळेच संगणकाने बुद्धिबळात पहिले पाऊल टाकले ते कोड्यांतून. नोव्हेंबर १९५१ मध्ये, अमर डावाला शंभर वर्षे झाली तेव्हा, मँचेस्टरच्या फेरांटी यंत्रावर डीट्रिच प्रिंझ याने एक प्रोग्रॅम चालवला. पूर्ण डाव खेळण्याइतकी ताकद यंत्रात नव्हती. म्हणून दोन चालींत मात असलेली कोडी त्याला दिली, तीही कॅसलिंग आणि प्याद्याची बढती वगळून. यंत्र प्रत्येक चाल ओळीने करून बघायचे, मग तिच्यावरचे प्रत्येक उत्तर. वजीर फुकट देणारी चाल आली तरी ते थबकत नसे. आपल्याला ती चाल दिसत नाही, कारण आपण ती मनातल्या मनात आधीच नाकारलेली असते. एक कोडे सोडवायला त्याला सुमारे पंधरा मिनिटे लागली. मधल्या सुट्टीत आपल्यातले एकदोघे त्याच्या आधी सोडवून वर्गात जाऊन बसले असते.