आडवी नाव, उभी नाव : गोदाकाठचा एक जुना वाद

‘उतराई’ हा शब्द आपण आता फक्त उपकाराच्या संदर्भात वापरतो. कुणाचे ऋण फेडले की उतराई झालो असे म्हणतो. पण या शब्दाचा एक जुना अर्थ नदीकाठचा आहे. पैलतीरावर उतरवून दिल्याबद्दल नावाड्याला जे द्यायचे ती उतराई. माणूस पलीकडे सुखरूप पोचला, त्याचा हा मोबदला.

आमच्या सेलू तालुक्यातून दुधना वाहते. ती पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम या भागातला माणूस गोदावरीला गोदावरी म्हणतच नाही, गंगाच म्हणतो. या गंगेच्या काठाने दोन प्रकारच्या नावा पाहिल्या. एक या काठावरून त्या काठाला जाणारी, दुसरी प्रवाहाच्या लांबीने येणारी आणि लांबीनेच निघून जाणारी. सोयीसाठी मी पहिलीला आडवी नाव म्हणतो आणि दुसरीला उभी. काठावरचे लोक आणि बाहेरून येणारे नाववाले यांच्यातला तणाव आज वाळूच्या निमित्ताने रोज वर्तमानपत्रांत दिसतो. त्याचा इतिहास पाहू लागलो, की या दोन नावांतला फरक पुन्हा पुन्हा समोर येतो.

१

गोदावरी १४६५ किलोमीटर लांब आहे, पण मराठवाड्यातल्या तिच्या पात्राचा उपयोग लांबीचा रस्ता म्हणून फारसा झालेला नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण आणि तेर या दोन्ही व्यापारपेठांचा उल्लेख आहे. पैठणचा माल भडोच बंदरात जात होता, पण तो जात होता गाड्यांतून. मोठी नदी दारात असताना व्यापाऱ्यांनी बैलगाडीची वाट धरली. कारण उघड आहे. पात्र खडकाळ, पावसाळ्यात पूर, उन्हाळ्यात जागोजाग डोह आणि त्यांच्यामध्ये नुसती वाळू. शिवाय नदी पूर्वेला जाते आणि हा माल पश्चिमेला जायचा होता.

नदीचा खरा प्रश्न होता तो ओलांडण्याचा. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनला हे सगळ्या दख्खनने पाहिले. निजामअली सैन्याचा एक भाग घेऊन गोदावरीच्या उत्तर काठावर गेला होता. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण काठावर होता. माधवराव पेशव्यांच्या सैन्याने त्याला तिथेच गाठले. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पुरामुळे निजामाला पलीकडून काही करता आले नाही. त्या दिवशी नदी पेशव्यांच्या बाजूने उभी राहिली, असे म्हणायला हरकत नाही.

चाळीस वर्षांनी, ऑगस्ट १८०३ मध्ये, वेलस्लीची फौज अहमदनगर घेऊन गोदावरीवर आली. तिने रानातल्या फांद्यांच्या टोपल्या विणून आणि त्यांवर बैलांची कातडी चढवून नावा तयार केल्या व नदी ओलांडली. महिनाभराने, २३ सप्टेंबरला, सध्याच्या जालना जिल्ह्यातील असईची लढाई झाली. केळणा नदीला इथे उतार नाही असे वाटाडे सांगत होते. वेलस्लीला समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसली. इतकी जवळ वसलेली गावे एकमेकांकडे येजा केल्याशिवाय राहणार नाहीत, असा तर्क त्याने केला आणि फौज तिकडे वळवली. उतार तिथेच होता. परमुलखातल्या सेनापतीलाही एक गोष्ट कळली होती. आपल्याकडे नदी दोन गावांना तोडत नाही, ती त्यांच्या मधून जाते एवढेच. सोयरीक, बाजार, यात्रा, शेत हे सगळे दोन्ही काठांवर पसरलेले असते.

२

या येजा करण्यावर नावाड्याचे पोट होते. बारा बलुतेदारांच्या सगळ्या याद्या सारख्या नाहीत, पण त्यांतल्या काहींत कोळ्याचे नाव येते. पाणी भरणे आणि नाव चालवणे ही त्याची कामे. मोबदला धान्यात, सुगीच्या वेळी, खळ्यावर. गावकऱ्याने प्रत्येक खेपेला पैसे मोजायचे नाहीत आणि नावाड्यानेही हाक आली की नाही म्हणायचे नाही. परक्या वाटसरूकडून मात्र रोख उतराई घ्यायची.

ही व्यवस्था आदर्श होती असे मला म्हणायचे नाही. बलुते किती द्यायचे हे शेतकऱ्याच्या मर्जीवर असे. दुष्काळात पहिली काटछाट बलुत्याचीच होई. ‘गावाची नाव’ म्हणताना त्या गावात सगळ्यांना सारखी जागा नव्हती, हेही विसरता येत नाही. पण एक गोष्ट पक्की होती. नावाडी काठावरच राहत होता. त्याचे काही चुकले तर त्याचे बलुते अडवता येत होते आणि गावाने त्याला बुडवले तर त्याला नाव बांधून ठेवता येत होती. दोघांच्याही हातात काहीतरी होते.

पैठण–शेवगावच्या पट्ट्यात या नावेला आणखी एक अर्थ होता. गोदावरी तिथे दोन राज्यांची हद्द होती. नगरकडचा काठ इंग्रजांचा, पैठणचा काठ निजामाचा. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात १८६८ साली तरींसाठी, म्हणजे नावेने नदी उतरण्याच्या ठिकाणांसाठी, कायदा झाला आणि त्यांचे ठेके देण्याची रीत बसली. निजामाच्या हद्दीत मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, द्यावी लागे. नाव तीच, पाणी तेच. पण एका काठावर ठेकेदार आला आणि दुसऱ्यावर नाकेदार. खळ्यावरच्या धान्याच्या जागी लिलावाची बोली आली की नावाडी गावाचा राहत नाही, बोली लावणाऱ्याचा होतो. आडव्या नावेवर गावाचा ताबा सैल होण्याची सुरुवात मी इथून धरतो.

३

उभी नाव मराठी मुलखात मोठ्या थाटाने आली ती एकदाच, तीही आपल्यापासून खूप खाली, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचाला. आर्थर कॉटनने १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरमचे धरण बांधले. त्यानंतर गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांतून थेट वऱ्हाड–नागपूरपर्यंत नावा नेण्याची कल्पना पुढे आली. निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनीकडे सोपवले होते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. कापूस हाती आला होता, तो समुद्राकडे न्यायचा होता. हेग नावाच्या लष्करी इंजिनिअरकडे हे काम होते. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते : दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचे देवलमरी. बांध घालून, बाजूने कालवे काढून, त्यांना दरवाजे बसवून नावा वर चढवायच्या, असा बेत होता.

कामासाठी किनारा ताब्यात हवा. १८६० मध्ये निजामाकडून डाव्या काठाचा मुलूख इंग्रजांकडे आला. त्याचा ‘अप्पर गोदावरी’ नावाचा जिल्हा झाला आणि सिरोंचा त्याचे मुख्य ठिकाण. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरला कापूस मिळेना आणि या नदीकडे डोळे लागले.

काठावरच्या लोकांना या सगळ्यात काय वाटले? त्यांनी लिहून ठेवलेले कागद नाहीत. पण काम ऐन भरात येण्यापूर्वीची एक घटना आहे. १८५८ मध्ये चांदा भागात बाबूराव शेडमाके यांचा उठाव झाला. २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीजवळ तारखात्याच्या माणसांच्या तळावर हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल मारले गेले, पीटर निसटला. २१ ऑक्टोबरला बाबूरावांना चांद्याला फाशी दिले. तार आणि नाव या निराळ्या गोष्टी खऱ्या, पण नदीच्या लांबीने येणारा माणूस इथे राहायला येत नाही, काहीतरी घेऊन जायला येतो, एवढे त्या जंगलातल्या लोकांना कळले होते असे मला वाटते. तारही त्यासाठीच होती आणि नावही.

हेगच्या कामाला मजूर बाहेरून आणावे लागले. ताप आणि पटकी यांनी ते टिकेनात. वर्षातले काही महिनेच पात्रात पुरेसे पाणी असे. दरम्यान १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि वऱ्हाडचा कापूस उलट्या दिशेने, मुंबईला, जाऊ लागला. १८७१ मध्ये नदीचे काम बंद करण्यात आले. पुढे तो जिल्हाही मोडला आणि सिरोंचा तहसील चांद्याला जोडली गेली. १९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड रेल्वे सेलूवरून गेली आणि आमच्या भागातला कापूसही आगगाडीत चढला. उभी नाव हरली ती खडकांपुढे आणि रेल्वेपुढे. काठावरच्या लोकांना कुणी विचारले होते असे नाही.

४

विसाव्या शतकात आडवी नावही मागे पडली. पूल झाले. १९७६ मध्ये जायकवाडी धरण पुरे झाले आणि खालच्या पात्रातले पाणी सोडणाऱ्याच्या हातात गेले. पुढे ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे आले. वाहत्या नदीचे तुकडे झाले : कुठे तुंबलेले पाणी, कुठे उघडी वाळू. नावाड्यांच्या पुढच्या पिढ्या मासेमारीकडे किंवा मजुरीकडे वळल्या. आणि नेमकी त्या रिकाम्या जागेत उभी नाव दुसऱ्यांदा आली.

ही नाव लोखंडी किंवा फायबरची. तिच्यावर इंजिन आणि पाण्याखालची वाळू ओढणारा पंप. भीमेत दौंड, इंदापूर, श्रीगोंदा, करमाळ्याच्या पट्ट्यात ‘यांत्रिक बोटी’ म्हणून ती परिचित आहे. महसूल आणि पोलीस खात्याची पथके जिलेटिन लावून अशा बोटी उडवतात. नांदेडच्या बाजूला गोदावरीत तराफ्यांवरून उपसा चालतो, तिथे तराफे जाळले जातात. आमच्या दुधनेत बोटीएवढे पाणी नसते, तिथे ट्रॅक्टर पात्रात उतरतो.

काठाची तक्रार भावनेची नाही, हिशेबाची आहे. वाळू पाणी धरून ठेवते. ती गेली की काठच्या विहिरींचे पाणी खाली जाते. पात्र खोल झाले की दरडी कोसळतात आणि मळईची जमीन नदीत जाते. उपशाच्या खड्ड्यांचा अंदाज पोहणाऱ्याला येत नाही. हायवा गाड्या गावाचा रस्ता एका हंगामात मोडतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात लहान घाटांनाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली. राज्याने २०२३ मध्ये डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आणले. रात्रीच्या बोटी मात्र थांबल्या नाहीत.

५

अशा वेळी ‘बाहेरचे लोक येऊन नदी लुटतात’ हे वाक्य गावात सहज ऐकू येते. ते तपासून पाहायला हवे. तराफ्यावर बुडी मारून वाळू काढणारा मजूर पुष्कळदा बिहार–उत्तर प्रदेशातून आलेला असतो. तिकडच्या गंगेकाठचा माणूस आपल्या गंगेत पोटासाठी उतरतो. तराफा जळतो तेव्हा त्याचे अंथरूण आणि भांडीही जळतात. बोटीचा मालक, हायवाचा मालक आणि आपल्या शेतातून पात्रात जायला वाट देऊन तिचे पैसे घेणारा शेतकरी मात्र अनेकदा याच तालुक्यातला असतो. मग परका कोण?

माझ्या मते नाव परकी ठरते ती चालवणाऱ्याच्या मुलखावरून नव्हे. ती काठाला काही देणे लागते की नाही, यावरून ठरते. जुन्या नावाड्याला गाव जाब विचारू शकत होते. हेगच्या नावेला सिरोंचाचा माणूस विचारू शकत नव्हता. आजच्या बोटीला विचारायची सोय कायद्याने ठेवली आहे. वाळूघाटाच्या लिलावापूर्वी ग्रामसभेचे मत घेतले जाते. पण ती सभा किती गावांत खरोखर भरते आणि किती गावांत सह्यांचा कागद घरोघर फिरतो, हे वाचकांनी आपापल्या गावापुरते आठवून पाहावे. ठराव न वाचता सही करणारा रहिवासी हा या वादातला दुसरा पक्ष राहत नाही, पहिल्याच पक्षाला जाऊन मिळतो.

आणि आडव्या नावेची गरज तरी कुठे संपली आहे? जायकवाडीच्या फुगवट्याजवळच्या भिवधानोरा गावची मुले थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून शाळेला जातात, ही बातमी २०२३ मध्ये देशभर गेली आणि औरंगाबाद खंडपीठाने तिची स्वतःहून दखल घेतली. वाळू ओढायला नदीत लोखंडी बोट, इंजिन आणि पंप येतो. पोरांना पलीकडे पोचवायला थर्माकोल. एकाच गोदावरीवरची ही दोन चित्रे शेजारी ठेवली, की नदी कुणासाठी उरली आहे हे कळायला वेगळ्या संशोधनाची गरज नाही.

तेव्हा बोटी जाळून हा वाद मिटणार नाही, एक जाळली तर दुसरी येते. पात्रात कोणती नाव उतरली, कुणाची, कशासाठी आणि कुणाच्या परवानगीने, याची नोंद गावाच्या दप्तरात असली पाहिजे. ती मागण्याचा हक्क काठावरच्या शेवटच्या घरालाही असला पाहिजे. गोदावरीने या काठाला गावे दिली, शेते दिली, यात्रा दिल्या. तिची उतराई अजून द्यायची राहिली आहे, आणि ती घ्यायला कुणी ठेकेदार येणार नाही.