दुतोंड्या मारुती आणि घराच्या विम्याचा कागद

नाशिककराला पूर क्युसेकमध्ये कळत नाही, मारुतीवरून कळतो. पाणी दुतोंड्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं. गंगापूर धरणातून विसर्ग किती, हा प्रश्न नंतरचा.

गंगापूर धरण १९६५ साली पूर्ण झालं, आणि चारच वर्षांत, १९६९ला, गंगा गावात शिरली. तो महापूर बघितलेली माणसं आजही पंचवटीत भेटतील. मग सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९. सराफ बाजाराला तर नदीचीही गरज नाही, जोराचा पाऊस झाला की सरस्वती नाल्याचं पाणी दुकानात. आणि दर पुरानंतर तेच ठरलेलं: चिखल, पंचनामा, सानुग्रह अनुदान. विम्याचं नावही निघत नाही.

आपल्या महापुराच्या आदल्याच वर्षी, १९६८ला, अमेरिकेने पूरविम्याचा कायदा केला होता. तिथल्या घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत, म्हणून त्यासाठी वेगळी सरकारी योजना. आपल्याकडे आगीच्या पॉलिसीतच पूर यायचा. पण हप्ता कमी करायला तो भाग वगळायची सोय होती. 'आपल्याकडे कुठं येतंय पाणी' म्हटलं की काम झालं!

एप्रिल २०२१पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही सगळ्या कंपन्यांची सारखी पॉलिसी आहे. तिच्यात पूर मुळातच आहे, वेगळी पॉलिसी नको. रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जागेचा भाव त्यात नसतो. सामानासाठी बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप धरतात. दागिन्यांचं संरक्षण मात्र मागून घ्यावं लागतं.

अडतं ते आपल्या वाड्यांच्या रचनेत. खाली दुकान, वर बिऱ्हाड. घराची पॉलिसी खालच्या मालाला लागू नाही. त्याला धंद्याची वेगळी पॉलिसी लागते, आणि तिच्यात पूर आहे ना हे वाचूनच सही करावी. वाड्यातल्या जुन्या भाडेकरूंना वाटतं विमा मालकाने काढायचा. अहो, भिंती मालकाच्या, पण फ्रीज, कपाट, गाद्या तुमच्याच ना? नुसत्या सामानाचाही विमा निघतो.

आणि 'आमचा बँकेने काढलाय' म्हणणाऱ्यांनी कर्जाची फाईल आज उघडा. तो विमा बऱ्याचदा कर्जदाराच्या जिवाचा असतो. घराचा असला तरी अनेकदा फक्त बांधकामाचा. दुतोंड्याच्या कमरेपर्यंत पाणी येण्याआधी तेवढं पान वाचा. कळलं नाही तर फोटो काढून शाखेत विचारा.